गाडीखालचा खड्डा

गावाबाहेरचं जिनिंग बंद पडलं तेव्हा माझे यजमान तिथे फिटर होते. कपाशीची पऱ्हाटी लागोपाठ मार खात होती, जिनिंगला पुरेसा कापूसच येईना, आणि एका हंगामात मालकाने यंत्रं उघडलीच नाहीत. आम्ही घाटंजीत राहत होतो. हिवाळाभर कानावर असणारा तो घरघराट थांबला आणि घर एकाएकी मोठं वाटायला लागलं. यजमान सकाळी आंघोळ करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि ओट्यावर बसून राहायचे. चहा दिला की प्यायचे. नाही दिला तर मागायचे नाहीत.

ती वर्षं आमच्या भागातल्या बायकांनी कशी काढली, ते बाहेरच्या माणसाला सांगून समजणार नाही. घरचा माणूस थोडा वेळ नजरेआड झाला की काळजाचं पाणी व्हायचं. आमची शेजारीण भाकरी थापता थापता उठायची, वावराच्या वाटेने हाका मारत जायची, आणि नवरा बांधावर बिडी ओढत बसलेला दिसला की परत येऊन उरलेल्या भाकरी थापायची. फवारणीची औषधं लोकांनी कुलपात घातली होती. आमच्याकडे वावर नव्हतं, घरात औषधाची बाटली नव्हती. पण भीतीला सात-बारा लागत नाही.

मी शिवणकाम करायचे. मशीन मधल्या खोलीत खिडकीशी होती. समोरच्या दारातून ओटा दिसायचा, त्या खिडकीतून मागचं अंगण आणि टिनाचं शेड. त्यामुळे यजमान कुठेही असले तरी माझ्या डोळ्यांसमोर असायचे. आम्ही दोघी, म्हणजे मी आणि सासूबाई, या गोष्टीबद्दल कधीच बोललो नाही. पण मी बाजाराला निघाले की त्या आपण होऊन ओट्यावर येऊन वाती वळत बसायच्या, आणि मी परतले की उठून आत जायच्या.

यवतमाळ रोडवर एका मिस्त्रींचं जुनं गॅरेज होतं. वयस्कर मुसलमान गृहस्थ. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. यजमानांचा त्यांच्याशी जिनिंगच्या इंजिनामुळे फार वर्षांचा स्नेह होता. एका दुपारी ते आले, पाणी प्यायले आणि सांगू लागले की जवळच्या बंजारा तांड्यावर, तिथल्या नाईकांच्या गोठ्यात एक काळी मोटार पडून आहे. कापूस चांगला पिकत होता त्या काळात नाईकांच्या वडिलांनी ती घेतली होती. पाठ गोल म्हणून लोक तिला डुक्कर गाडी म्हणायचे. आता तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. नाईकांना ती पुन्हा चालती करून हवी आहे. पण चाचांच्या गॅरेजात मोटारसायकलींपुढे जागा नव्हती, आणि त्यांचे डोळेही पहिल्यासारखे राहिले नव्हते.

“तुमच्या घरामागं शेड रिकामं पडून हाये,” चाचा यजमानांना म्हणाले. “तिथंच सुरू करा. औजारं मी देतो. अशा गाड्या यवतमाळपर्यंत लोकायच्या अंगणात सडून राह्यल्या, करनारा कोनी नाई. मानसाच्या हाताले काम पाह्यजे, भाई.”

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  संध्याकाळ व्हायच्या आत यजमानांनी शेडचं कुलूप उघडलं आणि बराच वेळ आत उभे राहिले. मी खिडकीतून पाहत होते. मला हायसं वाटलं. घरातच काम, तेही माझ्या खिडकीसमोर. याहून जास्त मी देवाकडे मागितलं नव्हतं.

ते शेड पूर्वी एका व्यापाऱ्याने भाड्याने घेतलं होतं, खेड्यांतून घेतलेल्या कापसाची गंजी लावायला. व्यापारी सोडून गेला तरी कापूस तिथून गेला नव्हता. वाशांवर, टिनाच्या पन्हाळ्यांत, भिंतींच्या भेगांत सगळीकडे रुईचे पुंजके चिकटलेले. कोपऱ्यात सरकीची फाटकी पोती होती, आणि पोत्यांमागे उंदीर. यजमानांनी जिनिंगमध्ये रुईला लागलेली आग पाहिलेली होती. ती जाळासारखी उठत नाही, आतल्या आत सरकत जाते, असं ते सांगायचे. म्हणून वेल्डिंगची एक ठिणगी पाडण्याआधी त्यांनी सगळं शेड झाडून काढायचं ठरवलं. आम्ही तिघं तोंडाला फडकी बांधून कामाला लागलो. सासूबाई खालून झाडायच्या, मी शिडी धरायचे, आणि ते बांबूला फणी बांधून वाशांवरची रुई ओढायचे. इतकं करूनही वेल्डिंगच्या पहिल्या दिवशी मी पाण्याच्या दोन बादल्या भरून दाराशी उभी राहिले. ठिणग्या उडत होत्या तोवर माझी नजर वर वाशांकडेच होती. काही झालं नाही. पण त्यानंतर वेल्डिंगचं नाव निघालं की माझे हात आपोआप बादल्यांकडे जायचे.

हळूहळू शेडचं गॅरेज झालं. जिनिंगच्या भंगारातल्या सागवानी फळ्यांचं कामाचं टेबल झालं. त्यावर चाचांनी दिलेला, लोखंड धरून ठेवणारा पकडशिकंजा बसला. भिंतीला खिळे ठोकून पाने मापाप्रमाणे टांगले. इंजिन उचलायला चेनकुप्पी लागते, म्हणजे साखळीची कप्पी. ती शेडच्या वाशाला अडकवली असती तर छप्परच खाली आलं असतं. म्हणून लोखंडी पाइपांची तिपाई उभी केली. नाईकांनी ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढत आणली तेव्हा गल्ली बघायला जमली. गाडीच्या एका दिव्यात चिमणीने घरटं केलं होतं. नाईक उंच, पांढऱ्या मिशांचे, फार न बोलणारे. गाडी शेडमध्ये लागल्यावर त्यांनी बोनेटवर हात ठेवला आणि यजमानांना म्हणाले, “घाई नोको करू. पन सोडू नोको.”

काम सुरू झालं आणि एक अडचण पुढे आली. यजमानांना पाठीवर उताणं झोपून गाडीखाली जाता येईना. जिनिंगच्या धुळीने त्यांच्या छातीला घर केलं होतं; उताणे झाले की खोकल्याची उबळ यायची आणि श्वास अडकायचा. चाचा म्हणाले की मग खड्डा करावा लागेल. मोठ्या गॅरेजांत असतो तसा, गाडी वर आणि माणूस खाली उभा.

सासूबाईंनी ते ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. “घरात मानसाच्या मापाचा खड्डा करू नाई,” त्या म्हणाल्या.

चाचांनी त्यांची समजूत घातली. पण सासूबाईंचं वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

खड्डा उन्हाळ्यात खणला. वर काळी माती, भेगा पडलेली, कुदळीला ढेकळांनी निघणारी, खाली मुरूम. खांद्याइतका खोल झाल्यावर थांबवला. शेड लांबीला आखूड, म्हणून खड्डाही आखूडच झाला. दाराच्या बाजूला मातीतच पायऱ्या कोरल्या, वर विटांचा एक थर लावला, आणि दोन्ही काठांवर सागवानी नाट, म्हणजे जाड तुळया, टाकले. गाडीची चाकं त्या नाटांवर उभी राहायची. गाडी आत घेतली की तिचं तोंड आतल्या भिंतीकडे, पाठ दाराकडे, आणि सगळा खड्डा गाडीखाली झाकलेला. पायऱ्यांपुरतीच जागा उघडी.

त्या दिवसापासून माझं हायसं संपलं. यजमान शेडमध्ये शिरायचे, पायऱ्या उतरायचे आणि दिसेनासे व्हायचे. खिडकीतून मला नुसती काळी गाडी दिसायची. पाना आपटल्याचा आवाज येत असला की मशीन चालायची. आवाज थांबला की माझा पाय थांबायचा. शेवटी मी हाक मारायला लागले.

“हाय का?”

“हाव,” खालून यायचं.

पहिल्यांदा त्यांना त्रास झाला. कायले सारखी हाका मारून राहिली, असं एकदा म्हणाले. पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना माहीत होतं. घाटंजीत, बाभुळगावात, जिल्हाभर तेव्हा कोणाही नवऱ्याला ते माहीत असणार. पुढे तर मी हाक मारायच्या आधीच ते खालून “हाव” म्हणायचे.

पावसाळ्यात काळी माती फुगली. आमच्याकडे घरांच्या भिंतीही त्याने तडकतात. खड्ड्याची काय गत. उजव्या काठाचा विटांचा थर आत फुगला आणि वरचा नाट जरासा कलला. चाचांनी पाहून सांगितलं की दिवाळी झाली की गाडी बाहेर काढू, खड्डा दगडाने बांधून घेऊ, तोवर ती जागची हलवू नका, खालीही उतरू नका. पण काम रंगात आलं होतं. इंजिन उतरवून साफ होऊन पुन्हा बसलं होतं. यजमान जेवताना बोलायला लागले होते, भाजीत मीठ कमी आहे म्हणायला लागले होते. मी त्यांना थांबवू शकले नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. आठवडी बाजाराचा दिवस होता. गल्लीतली माणसं बाजारात, नाहीतर वेचणीला वावरात. ऊन कोवळं होतं आणि शेडच्या दारातून थेट पायऱ्यांपर्यंत पडलं होतं. यजमान खाली सायलेन्सर बसवत होते. मी एका लग्नाचे ब्लाउज शिवत होते. बाही उलटी लागली म्हणून उसवत बसले, आणि उसवता उसवता लक्षात आलं की आवाज थांबलेला आहे.

मी हाक मारली. उत्तर नाही.

पुन्हा मारली. मोठ्याने. सासूबाई आतून दारात आल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की त्याही माझ्यासारख्याच आवाजावर कान ठेवून होत्या. मी कात्री टाकली आणि धावले. अंगण ते केवढं, पण त्या धावण्यात मी सगळं पाहून घेतलं. लोक जमलेले, पंचनामा, नाईक दारात उभे.

शेडच्या दाराशी आले तेव्हा हवा निघाल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, टायरमधून हवा जाते आहे. मग लक्षात आलं, टायरची हवा अशी थांबून थांबून जात नाही. कोणीतरी श्वास घ्यावा आणि रागाने सोडावा, तसा तो आवाज होता.

मी वाकून गाडीखाली पाहिलं. यजमान खड्ड्यात आतल्या टोकाला भिंतीला पाठ लावून उभे होते. जिवंत. एक हात छातीशी, दुसऱ्याचं बोट ओठांवर. मग त्याच बोटाने त्यांनी पायऱ्यांकडे दाखवलं.

खालच्या पायरीवर घोणस होती. जाड, मातकट, पाठीवर काळपट गोल ठिपक्यांची माळ. वेटोळं घालून मान मागे ओढलेली. उन्हाला आली असणार, किंवा उंदराच्या मागे. तिच्यात आणि यजमानांच्या पायांत माझ्या मशीनच्या लांबीएवढं अंतर होतं. दर थोड्या वेळाने ती तो आवाज काढायची, आणि यजमानांची छाती त्या आवाजाबरोबर वर-खाली व्हायची. ते खोकला दाबून ठेवत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं.

आमच्या भागात घोणशीबद्दल कोणाला सांगावं लागत नाही. पऱ्हाटीत काम करणाऱ्या बायका तिच्याच भीतीने पायांना पोती गुंडाळतात. मी दाराशी टेकवलेली काठी घेतली, तशी यजमानांनी जोरात मान हलवली. काठी चुकली तर ती त्यांच्या अंगावर जाणार होती. पायऱ्या बंद. वर गाडी. बाहेर यायला दुसरी वाट नव्हती.

सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं, सरळ झाल्या आणि हळूच म्हणाल्या, “गाडी मांगं घे.”

गाडी मागे घेतली तर पायऱ्या झाकल्या जाणार होत्या, पण आतलं टोक उघडं पडणार होतं. तिथून त्यांना वर ओढता आलं असतं. शेडच्या जमिनीला पाणी निघून जावं म्हणून दाराकडे उतार दिलेला होता. गाडी ढकलावी लागणार नव्हती. ती आपणच येणार होती. भीती तीच होती. हँडब्रेकची तार सुटलेली, मागच्या चाकांमागे फक्त विटा. आणि उजवीकडचा नाट कललेला. चाक त्यावरून घसरलं असतं तर गाडी खाली गेली असती, आणि खाली ते होते.

मी यजमानांकडे पाहिलं. हाताने खूण करून विचारलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि मान हलवली.

टेबलाजवळ विटा होत्या. मी त्या उचलून आणल्या. दोन्ही चाकांमागे, आधीच्या विटांपासून वीतभर अंतरावर, दुसऱ्या विटा मांडल्या. मग सासूबाई डाव्या चाकाशी बसल्या, मी उजव्या. त्यांचे गुडघे वाकत नव्हते; त्या जमिनीवर पाय पसरूनच बसल्या. मी हातोडीने माझी वीट काढली, त्यांनी त्यांची. गाडी हलली, वीतभर आली आणि टेकली. नाट करकरला. काठाची माती सुटून आत पडली. खाली घोणशीने पुन्हा आवाज काढला, पहिल्यापेक्षा मोठा. मी हात तोंडावर धरून थांबले.

पुन्हा विटा मांडल्या. पुन्हा काढल्या. प्रत्येक वेळी चाक कललेल्या नाटाच्या कडेकडे थोडं थोडं सरकत होतं आणि मला ते दिसत होतं. सासूबाईंना ते दिसत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. मधेच त्या काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं देवाचं नाव घेतात. जवळ वाकले तेव्हा कळलं, त्या गाडीशी बोलत होत्या. “हळू ये माय, हळू ये.”

शेवटी आतल्या टोकाला उजेड पडला. मी भिंतीच्या कडेने पलीकडे गेले, पोटावर आडवी झाले आणि दोन्ही हात खाली सोडले. यजमानांनी माझी मनगटं धरली. त्यांच्या हातांना ग्रीस होतं, हात निसटत होते. मी पदर गुंडाळला आणि पुन्हा धरलं. त्यांनी मुरमात पाय रोवला, तो सुटला, पुन्हा रोवला. ते वर आले तेव्हा दाबून ठेवलेला खोकला एकदम फुटला. ते जमिनीवर पालथे पडून खोकत राहिले आणि मी त्यांच्या पाठीवर अंग टाकून राहिले. सासूबाई गाडीला धरून उठल्या, यजमानांजवळ आल्या आणि त्यांच्या डोक्यावर एक चापट मारली. मोठ्या माणसाला त्यांनी मारलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

चाचांना निरोप गेला. ते दोन माणसं घेऊन आले. सगळ्यांनी मिळून, दोर बांधून, गाडी अंगणात ओढली. खड्ड्यात बॅटरी मारून पाहिलं. घोणस तिथे नव्हती. पायरीवर नाही, विटांच्या फटीत नाही, कुठेच नाही. सरकीची उरलेली पोती उचलली, टायर हलवले, टेबल सरकवलं. उंदरांची बिळं सापडली, ती सापडली नाही. आम्ही सगळे दाराशी असताना ती कुठून गेली, हे आजवर कोणाला सांगता आलेलं नाही.

मेलेली दिसली असती तर गोष्ट तिथे संपली असती. ती संपली नाही. मी चूल पेटवताना आधी लाकडं काठीने हलवायला लागले. मशीनवर बसताना पाय टाकण्याआधी खाली वाकून पाहायचे. आणि यजमान परत ओट्यावर जाऊन बसले.

चाचांनी ठरल्याप्रमाणे खड्डा दगडाने बांधून दिला. यावेळी दोन्ही टोकांना पायऱ्या केल्या, बिळं सिमेंटने बुजवली, पोती जाळून टाकली. गाडी पुन्हा आत लागली. यजमान शेडच्या दारापर्यंत जायचे, उंबऱ्याशी थांबायचे आणि परत यायचे. आठवडे गेले. नाईक एकदा आले, चहा प्यायले, गाडीबद्दल एक शब्द न काढता गेले. यजमान पुन्हा चहा मागेनासे झाले. भाजीत मीठ आहे की नाही हे पुन्हा त्यांना कळेनासं झालं. आणि जुनी भीती परत आली; मशीनवर बसल्या बसल्या मी पुन्हा ओट्याकडे पाहायला लागले. सापाची भीती मोठी खरी, पण ती दिसते. ही भीती दिसत नव्हती.

एके सकाळी मी स्वयंपाक आवरला, पदर खोचला, बॅटरी आणि काठी घेतली आणि शेडकडे गेले. यजमान ओट्यावरून उठून मागे आले.

“काय करून राह्यली?” त्यांनी विचारलं.

“खाली पाहून येते.”

“तुले काय कराचं हाये खाली?”

आणखी बोलले असते तर उतरले नसते, म्हणून सरळ पायऱ्यांकडे गेले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा तळवा सुन्न झाला होता. दगड गार होते. खाली ऑइलचा, मुरमाचा, बंद हवेचा वास. वर गाडीचं काळं पोट इतकं जवळ की मी खाली वाकले. मला तेव्हा कळलं की ते इतके दिवस कुठे उभे राहत होते. इथून आकाश दिसत नव्हतं, खिडकी दिसत नव्हती. माझी हाक इथे कशी येत असेल, असंही मनात आलं. मी प्रत्येक सांध्यावर उजेड मारला. दरवेळी वाटायचं काहीतरी हललं.

वरून यजमानांचा आवाज आला. “हाय का?”

“हाव,” मी म्हटलं. “काई नाई इथं. या.”

ते लगेच आले नाहीत. मी खालीच उभी राहिले. त्यांचे पाय मला काठाशी दिसत होते, चप्पल घातलेले, पुढे-मागे होणारे. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग त्यांनी चप्पल काढली आणि बूट आणायला घरात गेले. बूट घालून आले आणि उतरले. आम्ही दोघं त्या अरुंद जागेत गाडीखाली उभे होतो आणि त्यांनी सायलेन्सरच्या नटाला हात लावला. “पाना दे,” ते म्हणाले. “बारा-तेराचा.” मला पाने कळत नव्हते. त्यांनी मला वर पाठवून कुठल्या खिळ्यावरचा, ते सांगितलं.

त्यानंतर रोज सकाळी आधी मी उतरायचे आणि मग ते. मला सवय झाली असं लोकांना वाटायचं. नाही झाली. रोज पहिल्या पायरीवर तळवा तसाच सुन्न व्हायचा. पण दिवसाचं पहिलं काम म्हणून ते करून टाकलं की मशीनवर बसता यायचं.

गाडी उन्हाळ्याच्या तोंडाशी तयार झाली. नाईकांचा निरोप आला की तुम्हीच घेऊन या, आणि बाईलाही आणा. मी पुढे यजमानांच्या शेजारी बसले. सासूबाईंनी गाडीवरून लिंबू उतरवून टाकलं. तांड्याचा रस्ता उताराचा आणि खड्ड्यांचा. प्रत्येक वळणावर मी पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. दोन्हीकडे पऱ्हाटीच्या वाळलेल्या काड्या उपटायच्या राहिलेल्या. यजमान मला सांगत होते की गिअर कसा पडतो, आवाज कुठला चांगला आणि कुठला वाईट, यवतमाळच्या एका वकिलांनी गाडी बघायला बोलावलं आहे. इतकं ते मागच्या दोन वर्षांत मिळून बोलले नसतील. मला निम्मं कळत नव्हतं. मी हं हं करत होते आणि रस्त्याकडे पाहत होते.

तांड्यावर बायका जमल्या. नाईकांनी गाडीला एक फेरी मारली, मग धोतर आवरून मागच्या सीटवर जाऊन बसले. पुढे बसा म्हटलं तर नको म्हणाले. त्यांचे वडील त्यांना तिथेच बसवायचे. यजमानांनी तांड्याला एक चक्कर मारून आणली. उतरल्यावर नाईकांनी दोघांना जेवायला बसवलं. यजमानांनी दोनदा भाजी मागून घेतली.

परतताना आम्ही फाट्यावरून एसटी धरली. गर्दी होती, एकच जागा मिळाली. मी त्यांना बसवलं आणि दांडी धरून उभी राहिले. एसटी सुटते न सुटते तोच त्यांचं डोकं खिडकीच्या गजाला टेकलं आणि ते झोपले. भर दुपारी, उघड्या तोंडाने. जिनिंग बंद झाल्यापासून मी त्यांना दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. पुढची एक जागा रिकामी झाली, कंडक्टरने मला खुणावलं, पण ती त्यांच्यापासून दूर होती. मी गेले नाही. घाटंजी येईपर्यंत तिथेच उभी राहिले आणि त्यांची छाती वर-खाली होताना पाहत राहिले.